वापरकर्त्याचा दोष

मी, धनंजय नागेश आठल्ये, वय एकावन्न, मूळ गाव चिपळूण, सध्या वास्तव्य अल कुसैस, दुबई, व्यवसाय विद्युत उपकरणांच्या सेवा केंद्रात हमी-दावा परीक्षक, हे मृत्युपत्र स्वतः टंकून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत असतानाही मी जे वर्तन केले, त्याचा निर्देश पुढे यथास्थळी येईल. मजवर कोणाचेही दडपण नाही. रक्तदाब आहे, परंतु कायदा त्यास दडपण मानीत नाही.

कलम १. चिपळूण येथील दोन खोल्यांची सदनिका, बँकेतील ठेवी आणि नोकरीअखेर देय होणारी ग्रॅच्युइटी माझी पत्नी सौ. विनिता हिला निरपवाद मिळावी. माझ्या धाकट्या बंधूंचा यात काडीमात्र संबंध नाही. कारण ते जाणतात. आईची पितळी परात अद्याप त्यांच्याकडेच आहे.

कलम २. माझा मल्टिमीटर, पक्कड आणि पेचकसांचा संच कन्या स्वप्नाली हिला द्यावा. ती "बाबा, आय डोन्ट नीड ऑल दॅट" म्हणेल, तरी द्यावा. अट एकच: बंद पडलेली वस्तू आधी उघडावी, मग तोंड उघडावे. तिच्या जन्मदात्याने आयुष्यभर हा क्रम उलटा पाळला.

कलम ३. माझ्या उपजीविकेचे स्वरूप येथे नमूद करणे भाग आहे. हमीच्या मुदतीत बंद पडलेले उपकरण कोणाच्या पापाने बंद पडले, याचा निवाडा मी करतो. निर्मात्याच्या पापाने पडले, तर दुरुस्ती विनामूल्य. अन्यथा मी अर्जावर 'वापरकर्त्याचा दोष' असे लिहितो, आणि ग्राहक आपले धूड उचलून घरी नेतो. वस्तुतः उपकरणे मरतात ती धुळीने, उष्णतेने, झिजेने, सैल पडलेल्या जोडांनी आणि निर्मात्याने काटकसर करून बसवलेल्या भागांनी. माणसाच्या हातून मरणारी थोडी. हे सर्व मला ज्ञात होते. अज्ञानाची सबब मला उपलब्ध नाही.

काउंटरवरील माझी सहकारी नबिला रोज संध्याकाळी विचारीत असे, "सर, आज कितने मुजरिम निकले?" मी हसत असे. ते हास्य मी या पत्राद्वारे परत घेतो.

कलम ४. घरात शिरताना मी पादत्राणे दाराबाहेर काढतो. कचेरीतला प्रश्न मात्र थेट आत नेत आलो. काहीही बंद पडले की माझे पहिले वाक्य ठरलेले: "काय केलंस तू त्याला?" विनिताविरुद्ध दिलेले पुढील निकाल मी रद्द करीत आहे.

मिक्सर. निकाल दिला होता: ओल्या खोबऱ्याचा अतिरेक. सत्य: मोटरमधील कार्बनचे तुकडे झिजले होते. ते झिजण्यासाठीच घातलेले असतात.

इस्त्री. निकाल: खाली पाडली. सत्य: वायर मुठीपाशी आतून तुटली होती. इस्त्री गरम असतानाच तिच्याभोवती वायर करकचून गुंडाळण्याची शिस्त माझी.

धुलाई यंत्र. निकाल: चादरी कोंबल्या. सत्य: पाण्याच्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते, तीत गच्चीवरच्या टाकीतली वाळू साचली होती. जाळी नळाखाली धुतली की काम संपते. मी ती गुपचूप धुतली आणि निकाल कायम ठेवला.

फ्रीज. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निकाल दिला की सुरमई आणि नारळ ठासून भरल्याने कॉम्प्रेसर गेला. फ्रीज आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. त्यासाठी त्याच्या पाठीशी वीतभर मोकळी जागा लागते. ती जागा मी फ्रीज स्वतःच्या खांद्याने कोपऱ्यात रेटून नष्ट केली होती, कारण शेजारी माझ्या 'उत्कृष्ट परीक्षक' ढालींचे काचेचे कपाट बसवायचे होते. शेजारी निकोलस तेव्हा म्हणालाही होता, "धनंजय, त्या बिचाऱ्याला श्वास घेऊ दे रे!" त्यास मी उष्मागतिशास्त्रावर व्याख्यान दिले. सबब ढाली भंगारात द्याव्यात. कपाट मी हयातीतच निकोलसला देऊन टाकले आहे. त्याची पत्नी पर्ल हिला ते मदर मेरीच्या मूर्तीसाठी हवे होते.

कलम ५. गेल्या जूनमध्ये, ज्या ऋतूत येथे थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येते, भरदुपारी आमचा एसी बंद पडला. विनिता तेव्हा माझे शर्ट इस्त्री करीत होती. तिने आपल्यापुरता निवाडा केला: इस्त्री मी लावली, म्हणजे एसी मी घालवला. तिने मला फोन केला नाही. पर्लकडेही गेली नाही. पर्ल निकोलसला सांगेल आणि निकोलस मला, ही भीती. डोक्यावर ओला पंचा घेऊन ती न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिली. शाळेतून आलेल्या स्वप्नालीला ती तेथे बेशुद्ध सापडली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, काय झाले? हाताला सलाइन लावलेली माझी पत्नी म्हणाली, "एसी बंद हो गया. मैंने ही कुछ किया होगा."

मी म्हटले, "अगं, मला फोन का नाही केलास?"

"केला असता, तर तुम्ही काय विचारलं असतं?"

तो प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता. मी तो गिळला. खुर्चीवरून स्वप्नाली म्हणाली, "इट्स ओके, बाबा. जस्ट राइट इट डाउन. यूजर फॉल्ट."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरचे यंत्र उघडले. मोटरीस चालू होण्याचा धक्का देणारा कपॅसिटर नावाचा चिमुकला डबा उन्हाने फुगून मेला होता. येथील उन्हाळ्यात ते असेच मरतात. किंमत दिरहमांत किरकोळ. रुपयांत गुणून पाहिली, तरी किरकोळच. इस्त्रीचा संबंध शून्य. हे मी विनिताला सप्रमाण समजावले. ती "असेल" म्हणाली.

तेव्हापासून ती कोणतीही कळ दाबण्यापूर्वी विचारते. "गीझर लावू का?" "मिक्सर लावू का?" मी कचेरीत असलो, तर फोनवर विचारते. माझ्या पश्चात हे ती कोणाला विचारणार? प्रस्तुत मृत्युपत्राचे मूळ प्रयोजन हेच, सदनिका निमित्तमात्र.

कलम ६. म्हणून या घरातील प्रत्येक कळ, खटका आणि बटण मी विनिताच्या निरंकुश स्वामित्वात देत आहे. माझ्या मृत्यूनंतर जे उपकरण बंद पडेल, ते कोणत्याही कारणाने पडो, त्याचा दोष माझ्या नावे मांडावा. या हमीस मुदत नाही.

कलम ७. (येथून पुढे हस्तलिखित.) लाभार्थीने साक्षीस बसू नये म्हणून विनिता स्वयंपाकघरात आहे आणि साक्षीदार माझ्यासमोर बसले आहेत. शेवटचे पान छापताना प्रिंटर अडकला. तत्क्षणी आतून आवाज आला, "मी हात नाही लावला हं त्याला!"

साक्षीदारांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे.

मी म्हटले, "कागद मी तिरका घातला. दोष माझा."

आतून पुन्हा आवाज आला, "आणि फ्रीज?"

"दोष माझा."

"इस्त्री?"

"तोही माझा."

"एसी?"

"एसी उन्हाने गेला, विनिता. तू फोन केला नाहीस, तो दोष माझा."

जे पूर्ण शुद्धीत बोललो, ते तसेच लिहून खाली सही करीत आहे.

धनंजय नागेश आठल्ये
अल कुसैस, दुबई
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: नबिला. सही मेरे सामने हुई. बातें मराठी में थीं, पूरी समझ नहीं आईं. सर की गर्दन झुकी हुई थी, वह मैंने देखा.

साक्षीदार २: निकोलस. सही माझ्यासमोर केली. दोष माझा असं चार वेळा बोलला, मी मोजलं. त्यानंतर आत चहाच्या किटलीचा खटका वाजला. विनितावहिनींनी कोणाला विचारलं नव्हतं.