एक रिंग म्हणजे बरी आहे

आई, आज सकाळी दवाखान्यात छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन आले. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. घरी येऊन चहा ठेवला आणि लेकीला कळवावं की नाही या विचारात तो उतू गेला. तुझी नात दूर देशात शिकते आहे, तिची परीक्षा तोंडावर आली आहे. तिचे बाबा आणि मी आता वेगळे राहतो, हे तुला ठाऊक नाही. तुझ्यामागं झालेलं बरंच काही तुला ठाऊक नाही. कोणाला विचारावं म्हणून मनातल्या मनात माणसं धुंडाळली, तर तुझ्यावाचून कोणी सापडलं नाही. आणि नेमक्या याच बाबतीत मी तुझ्यावर इतकी वर्षं रागावलेली आहे. लेकीला सांगू की नको, एवढंच ठरवायचं आहे. ते ठरेना, म्हणून ही वही ओढली.

मला सगळ्यात आधी आठवते ती आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरची तुझी मंडल कचेरी. बाबा गेले, त्यांच्या जागेवर तुला घेतलं. आजी-आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि त्यांची सून खुर्चीवर बसून पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या, नकला लिहायची. त्या खुर्चीचा तुला अभिमान होता आणि धाकही होता. पाठ टेकून बसलेलं मी तुला कधी पाहिलं नाही. शाळा सुटली की मी तुझ्या टेबलाशेजारच्या बाकावर येऊन बसायचे. साहेब तेलुगूत हाक मारतो, तू तेलुगूत ओ देतेस. कापसाचा व्यापारी येतो, त्याच्याशी हिंदी. मग माझ्याकडे वळून, "डब्बा खाल्ला का वं?" लांबच्या गुड्यांवरून, पाड्यांवरून माणसं पायी यायची, जमिनीच्या उताऱ्यासाठी. काम झालेलं नसायचं, तशीच परत जायची, पुन्हा यायची. इतर कारकून त्यांना 'उद्या या' म्हणायचे. तू म्हणायचीस, "उगी चकरा नका मारू, बाप्पा. तुमची नक्कल झाली का मी बाजाराच्या दिवशी निरोप धाडीन. निरोप आला तरच या. नाई आला तं समजा, अजून झालं नाई." माणसं मान डोलवून निघून जायची, आणि खरंच निरोप आल्याशिवाय यायची नाहीत. तुझा शब्द पक्का होता.

पुढं मी नेमक्या याच गोष्टीवर प्रबंध लिहिला. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सुट्टीत मद्रासहून घरी आले होते, तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीजवळ पाय पसरून तुला माझं संशोधन समजावत होते. दूर शेतात एक छोटंसं यंत्र पुरलेलं आहे, ते मातीतली ओल मोजतं आणि बिनतारी संदेश पाठवतं. बॅटरी एवढीशी. सारखं बोलत राहिलं तर ती संपून जाईल. मग त्याला सांगायचं, काही खास बदललं तरच बोल. ते गप्प असेल तोवर इकडे बसून आपण अंदाज बांधायचा, की शेत आता कसं असेल, आणि त्या अंदाजावर मोटार चालू-बंद करायची. गप्प असणं हासुद्धा एक संदेशच असतो, हे मी तुला मोठ्या ऐटीत सांगितलं. तू भाकरी उलटलीस, म्हणालीस, "म्हंजे कुकरची शिट्टी. याच्यासाठी सरकार तुले पैसे देऊन राह्यलं?" मी चिडले, मग खो खो हसले. पण खरं होतं ते. कमीत कमी किती बोलून भागेल, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. आपल्या दोघींच्या घरात तो केव्हाच सुटलेला होता.

शिष्यवृत्तीतून मी तुला आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या दुकानातून मोबाईल घेऊन दिला, तेव्हा आधी तू मला बोलून घेतलंस. "कायले आणला? मी काय कलेक्टर हाव?" मग रात्रीतून त्याला जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवलीस. नार्नूरला रेंज यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणून ती पिशवी खिडकीच्या खिळ्याला टांगलेली असायची, खालीच मिठाची बरणी. नियम तूच ठरवलास. एक रिंग वाजवून फोन कापला म्हणजे बरी आहे, तू तुझं काम कर. दोन रिंगा म्हणजे गरज आहे, फोन कर. रोज संध्याकाळी कचेरीतून आलीस की तू एक रिंग द्यायचीस, मी एक रिंग परत करायचे. गाडीनं मद्रासला निघाले की बासरला गोदावरीचा पूल ओलांडताना मी आणखी एक रिंग द्यायचे. शेजारच्या बाया पुलावरून नदीत नाणी टाकायच्या, हात जोडायच्या; मी खिडकीला फोन लावून रेंज शोधायचे. सगळ्या जिल्ह्यात तेव्हा मिस्ड कॉलवरच माणसं बोलत होती, आपण काही जगावेगळं केलं नाही. फक्त आपण तो नियम पाळायचो जरा जास्तच.

एकदाच मी तो मोडला. सणाची सुट्टी होती, सगळं वसतिगृह रिकामं झालेलं, मेस बंद, प्रयोगशाळेत मी आणि पंख्याचा आवाज. माझं मराठी तिथं कोणाला कळत नव्हतं, त्यांचं तमिळ मला कळत नव्हतं, आणि गणितही त्या आठवड्यात पुढं सरकत नव्हतं. संध्याकाळी मी दोन रिंगा दिल्या. थोड्याच वेळात अनोळखी नंबरवरून फोन आला. तू एसटीडीच्या दुकानातून बोलत होतीस, दम लागलेला. "काय झालं? कोठी हायेस तू?" मी म्हटलं, काही नाही गं, तुझा आवाज ऐकावासा वाटला. मला वाटलं हसशील. तू म्हणालीस, "भाकर तव्यावर टाकून धावत आली मी. मोबाईलात पैसे नव्हते. असं करू नको पोरी. दोन म्हंजे दोन. खोटी रिंग देल्ली तं मंग खरीचा भरोसा कोण करन?" मी चुकलं म्हटलं आणि फोन ठेवला. तू म्हणत होतीस ते बरोबरच होतं, माझ्या शास्त्रातही ते बरोबर आहे. पण मला त्या संध्याकाळी खरोखरच गरज होती, आई. एकटं वाटणं हे कारण आपल्या नियमात बसत नव्हतं, एवढंच. पुन्हा कधी मी दोन रिंगा दिल्या नाहीत.

प्रबंधाची तोंडी परीक्षा जवळ आली. रोज संध्याकाळी तुझी रिंग यायची, एकच, आणि माझं तिकडं लक्षही जायचं नाही. घड्याळाचा ठोका पडावा तशी ती पडायची. त्या संध्याकाळीही आली. नेहमीच्याच वेळेला, एकच. मी फळ्यापुढं उभी होते, हात खडूनं माखलेले. कोपरानंच फोन सरकवला, बोटं पुसून एक रिंग परत केली आणि समीकरणाकडे वळले. मनात आलं, चला, तिकडं सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तुझाच नंबर. अवेळी कशी, असं वाटलं. एक रिंग झाली. दुसरी झाली. फोन कापला जाण्याची मी वाट पाहत होते, म्हणजे मग मी करीन. तिसरी वाजली. तिसऱ्या रिंगेचा आपल्याकडे काही अर्थच ठरलेला नव्हता, आणि तरीही मला तो कळला. फोन वाजतच राहिला. मी उचलला तेव्हा पलीकडे मावशी होती.

गाडीनं परत येताना बासरचा पूल आला आणि माझा अंगठा आपोआप तुझ्या नंबरावर गेला. एक रिंग देऊन मी फोन कापला. मावशीच्या हातात तो वाजला असणार. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. आदिलाबादला पोचल्यावर, तुझं सगळं क्रियाकर्म उरकल्यावर, मावशी मला बाजूला घेऊन बसली. छातीत दुखू लागलं म्हणून तुला नार्नूरहून जीपनं आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं होतं. त्याच संध्याकाळी तू फोन मागितलास. मावशी सांगत होती, "एक डाव वाजू देल्ला अन् कापला तिनं. मी म्हणलं, बोल ना वं पोरीसंग. तं म्हणे, नोको, तिची परीक्षा हाये, तिच्या डोक्याले तरास नोको. झाली का मंग सांगू. मंग तुही रिंग आली, तं हासली. म्हणे, पाह्य, पोरगी बरी हाये." एवढं सांगून मावशी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला. इतका, की तुझी लुगड्याच्या काठाची पिशवी मावशीनं पुढं केली तर मी ती घेतली नाही. नंतर मागून घेतली.

परीक्षा पुढं ढकलून मग झाली. परीक्षकांनी विचारलं, यंत्र गप्प आहे ते सगळं ठीक आहे म्हणून, की मधला संपर्कच तुटला म्हणून, हे कसं ओळखाल? तो अपेक्षित प्रश्न होता. उत्तर तयार होतं: काही बदललं नसलं तरी अधूनमधून 'मी आहे' एवढं सांगणारा संदेश पाठवायला लावायचा. आपल्या संध्याकाळच्या रिंगेसारखा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात एक गृहीतक आहे, ते मी किती सहज लिहून गेले होते. मोजणारं यंत्र चुकेल, त्यात गोंधळ मिसळेल, संदेश हरवेल. पण ते मुद्दाम खोटं बोलणार नाही. सगळं गणित त्यावर उभं आहे. आता या विषयात खोट्या मोजमापांवरही पुष्कळ लिहिलं जातं, पण तिथं खोटं बोलणारा शत्रू असतो, घुसखोर असतो. आपल्याच माणसानं काळजीपोटी खोटी रिंग दिली तर अंदाज कसा दुरुस्त करायचा, हे मला कुठंच सापडलं नाही. विद्यार्थ्यांना ते पान शिकवताना मी अजूनही घाईनं पुढं जाते.

मला खोटी रिंग देऊ नको म्हणालीस आणि तुझी शेवटची रिंगच खोटी निघाली. याच्यावर मी तुझ्याशी किती भांडले आहे, मनात, स्वयंपाक करताना, बसमध्ये, सभेत कोणी कंटाळवाणं बोलत असताना. मी आले असते. परीक्षा काय, ती नंतर झालीच ना? तू माझ्यासाठी ठरवलंस, मला विचारलं नाहीस. तुझ्या उशाशी बसायचं की फळ्यापुढं उभं राहायचं, हे माझं मला ठरवू द्यायला हवं होतं. त्या संध्याकाळी तू माझ्या एका रिंगेवर समाधानानं हसलीस आणि मी तुझ्या एका रिंगेवर. दोघींचा अंदाज साफ चुकला होता. मीही तेव्हा बरी नव्हते, आई. झोप नव्हती, जेवण नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं. हे तुला कळलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं की तुझं मला कळलं नाही याचं, हे अजून मला सांगता येत नाही.

इथवर लिहिलं आणि वाटलं, उत्तर तर समोरच आहे. जे तू केलंस म्हणून मी इतकी वर्षं धुमसते आहे, ते मी माझ्या लेकीशी करणार नाही. वही तशीच उघडी ठेवून मी फोन घेतला. आता मेसेज असतात, चेहरा दिसतो, रेंजसाठी खिडकी लागत नाही. पण मला सरळ बोलायचा धीर होईना, म्हणून म्हटलं आपल्या पद्धतीनं दोन रिंगा द्याव्यात आणि कापावं. तिला त्याचा अर्थ कळला नसता, पण तिनं उलट फोन केला असता आणि मग बोलावंच लागलं असतं. या वेळी तिकडं सकाळ झालेली असते. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिनं उचलला. "काय गं आई? आज कसा काय फोन? बरी आहेस ना?" मागं कुठंतरी भांड्यांचा आवाज येत होता, ती नाश्त्याच्या घाईत असावी. माझ्या जिभेवर सगळं जमलेलं होतं. मी म्हटलं, "बरी आहे गं. फोन लागतो का, ते पाहत होते."

"लागतो की," ती म्हणाली. "जेवलीस?"

जेवले म्हटलं. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, आई, आणि तो उतू गेलेला चहा अजून ओट्यावर तसाच आहे.