मेंढ्याच्या शिंगाची मूठ

१२ जानेवारी

आज पुन्हा हात हलवत परत! ड्युटी संपवून एमआयडीसीतून थेट सांगवी गाठली, सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ खात. आणि रामहरी तात्या अंगणात निवांत तुरीच्या शेंगा सोलत बसलेले. दसऱ्याला कबूल केलेला चाकू संक्रांतीला तरी द्या म्हटलं, तर हसले. चाकूच्या मुठीवर त्यांच्यासारखी सुई चालवणारा दुसरा मला माहीत नाही, म्हणून ऐकून घेते. दुसरा कुणी असता तर —

घरी आल्यावर अविराजचं ठरलेलं. बायकोच्या कपाटात चाकूच चाकू, आणि कांदा चिरायला बोथट विळी! त्याला म्हटलं, विळीला धार लावून आण की मग.

१७ जानेवारी

मिळाला!

शिंग आमच्याच घरचं. सासऱ्यांच्या मेंढ्याचं. मेंढरं विकून शेती धरली तरी ते माळ्यावरून कुणी टाकलं नव्हतं. तात्यांनी त्याची मूठ केली, घासून गुळगुळीत केली, आणि तिच्यावर सुईनं अख्खा कळप काढलाय. बारीक ओरखडे, टिंबं, त्यात काळी शाई चोळून भरलेली. लोकर तर नुसत्या टिंबांची. एक कोकरू मागं वळून बघतंय — किती वेळ बघत बसले मी! पात्याच्या पाठीवर छिन्नीनं कोरलेला वेल.

पण देताना म्हणाले, हा शेवटचा. सुई धुऊन डब्यात ठेवली. का, म्हटलं.

"आजवर येवढं चाकू दिलं. एक तरी धार लावाया माघारी आला का?"

माझे सगळे मऊ कापडात गुंडाळलेले. पण असं कसं सोडतील ते? २६ला पुण्यात हातानं केलेल्या चाकूंचं प्रदर्शन आहे. अट एकच, चाकू न वापरलेला, बिनडागाचा हवा. तिथं त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लावते. चार जाणकारांनी वाखाणलं की तात्या पुन्हा सुई धरतील. धरलीच पाहिजे.

२१ जानेवारी

पहिल्या बाळंतपणाला आलेल्या नणंदेला, प्रतिक्षाला, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सासूबाईंचे पाय जमिनीवर नाहीत.

२५ जानेवारी

डोकं फुटायची वेळ आलीय.

आज बाळाची पाचवी. सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून पूजा करायची आणि बाळाच्या उशाखाली धारेचं लोखंड ठेवायचं. विळा ठेवतात, अडकित्ता ठेवतात. आमच्या सासूबाईंनी काय ठेवावं? माझं कपाट उघडून, कापड सोडून, तात्यांचा चाकू! त्याच्यानंच लिंबू कापलं. मुठीला हळद-कुंकू थापलं. मी कामावरून आले तर सगळं होऊन गेलेलं. पातं असं, की लिंबू लागलं आणि पुसलं नाही की काळं पडतं. पडलंच असणार!

मी ओरडले. बाळ दचकलं, प्रतिक्षा रडायला लागली. सासूबाई मात्र शांत.

"आपल्या मेंढ्याचं शिंग हाय. घरातलं सगळ्यात देखणं पातं हाय. लेकराच्या उशाला दुसरं काय ठिवायचं गं?"

बरं, काढून तरी घ्यावा, तर बाराव्यापर्यंत हलवायचा नाही! प्रदर्शन उद्या. दुसरा चाकू ठेवते म्हटलं, हवा तो निवडा म्हटलं. पुजलेलं पातं बदलत नसतात म्हणे. अविराजकडं बघितलं तर तो गोठ्यात गेलेला. गोठ्यात एकच शेळी आहे. तिच्याशी काय बोलत होता तोच जाणे!

२६ जानेवारी

गेले नाही. काय घेऊन जाणार?

२९ जानेवारी

बाळाला बघायला आलेली प्रत्येक बाई उशी उचलून चाकू बघते. बोटं लावते. "मेंढरं कशी बघा" म्हणते. मी स्वयंपाकघरात भांडी आपटते. बाळाचा राग येत नाही, एवढं मात्र खरं. बोट दिलं की घट्ट धरते.

१ फेब्रुवारी

बारसं झालं. मी पाळण्याची दोरीसुद्धा ओढली, हसतमुखानं.

संध्याकाळी सासूबाईंनी चाकू आणून हातात दिला. लखलखीत. पात्यावरचा डाग सुनेला खटकेल म्हणून चिंचेनं घासला. आणि मुठीतलं कुंकू निघेना, म्हणून मूठही घासली. तारेच्या घासणीनं!

कळप गेला. पार गेला. शिंग पांढरट, खरखरीत, आणि कोपऱ्यात कोकराचे दोन पाय तेवढे उरलेत. सासूबाईंना वाटलं होतं मी खूश होईन. न्हाणीत जाऊन रडले. तात्यांनी शेवटचं काढलेलं, आणि ते आमच्या घरात पुसलं गेलं!

३ फेब्रुवारी

सांगवीला गेले. लपवून काय उपयोग? पाचवी, लिंबू, कुंकू, घासणी — सगळं सांगून टाकलं. तात्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. पात्याची धार नखावर बघितली. वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. "ऱ्हाऊ द्या हितं," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

चहासुद्धा विचारला नाही. सगळा रस्ता रडत आले.

६ फेब्रुवारी

तात्यांचा फोन. सुई काढलीय!

"एक तरी माघारी आला, धार लावलीय. पोरीचं नाव काय ठिवलंय? मुठीवर घालतो. आन् ह्यो चाकू आता तिचा झाला, तुमाला न्हाय मिळायचा."

भांडायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "संजीवनी."