कोपरा फाटलेलं कार्ड

अक्षता,

भात लावलाय, आमटी तू कर. मी बोरीवलीला बयोआत्याकडे चाललेय. जुनी पत्रं रद्दीत देऊ नकोस.

त्यांत माझ्या आजोबांनी १९२८ साली गिरणीतून गावी धाडलेलं कार्ड सापडलं. वाटेत त्याचा कोपरा फाटला होता. तेव्हा फाटका कोपरा म्हणजे मरणाची खबर, म्हणून घरच्यांनी न वाचताच आंघोळी केल्या. आठ दिवसांनी आजोबाच दारात उभे! कार्ड वाचायचं राहून गेलं.

ते आज पहिल्यांदा वाचलं ते मी, साठीत अक्षरं शिकलेल्या बाईने! 'मुलगीच होऊ दे,' असं लिहिलंय आजोबांनी.

ती मुलगी म्हणजे आत्या. बाप तिच्या तान्हेपणीच गेला. मुलगी झाली म्हणून तो हिरमुसला होता, असं तिने जन्मभर ऐकलंय. आता तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने वाचीन.

आई