हिरवं बटण

१ तारीख, सकाळ

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. डायरी नातीच्या कंपनीची, डॉक्टरांना वाटून उरलेली. दर पानाच्या तळाशी एक मूत्रपिंड छापलंय. मी तिकडे बघत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर कुठल्याही डॉक्टरपेक्षा बरं आहे. कमी लिहीन, कामाचं लिहीन. पाल्हाळ मला आवडत नाही.

काम असं. नात औषधकंपनीत लागली त्याला पाच महिने झाले. डॉक्टरांकडे जायचं, गोळ्यांचं कौतुक सांगायचं, नमुने ठेवायचे आणि बाहेर यायचं. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते या महिन्याच्या शेवटी ठरणार. ठरवणार तिचा साहेब. तो एकदा घरी येऊन गेलाय. माणूस कमी, टाय जास्त. मी त्याला टायवाला म्हणते.

आता कंपनीने टॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर दिलंय. त्यात प्रत्येक डॉक्टरची नोंद पाहिजे: कशाचा डॉक्टर, कुठल्या वेळेला भेटतो, मागे कधी भेटला, पुढे कधी जायचं. नातीकडे सगळी माहिती आहे, पण ती बुटाच्या खोक्यात. कार्डं, चिठ्ठ्या, एका कागदी रुमालावर हृदयाचा डॉक्टर. मोजले, एकशे बेचाळीस भरले. मी म्हटलं, तू फिर, घरी आलीस की टॅब दे, मी भरते. तिने विचारलं, आजी, जमेल का तुला. मी तिच्या बापाला लहानाचा मोठा केलाय, टॅबचं काय घेऊन बसलीस, म्हटलं.

दोन दिवसांत संपवते.

३ तारीख

नऊ झाले. वेग चांगला आहे. टॅबमध्येच खोट आहे, बोट एका अक्षरावर ठेवावं तर शेजारचं उमटतं. संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, चष्मा लावून बघा. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी जरा साध्या, म्हणजे सर्दी-तापाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. सहज. कामाच्या माहितीसाठी.

५ तारीख

आज शिस्त लावली. सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरांचे तीन वर्ग असतात, ए, बी आणि सी. जो जास्त गोळ्या लिहून देतो तो ए, असं नातीने सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. मी यातल्या निम्म्यांना प्रत्यक्ष दाखवून आलेय, मला कळतं कोण कसा आहे ते. ज्याच्याकडे बसायला पाठीची खुर्ची आहे तो ए. बाकडं असेल तर बी. आपलं बोलणं अर्ध्यात तोडून पुढच्याला आत बोलावतो तो सी. हृदयाचा मोठा डॉक्टर सी मध्ये गेला. त्याला कोणी काही केलं नाही, स्वतःच्या कर्माने गेला.

'शेरा' म्हणून एक रकाना आहे. रिकामा होता, मी भरला. कानवाला: स्वतः काही ऐकून घेत नाही. हाडवाला: हात नव्हे, सांडशी. बायकोला घाबरतो. कातडीवाली बाई: आधी स्वतःचा चेहरा बघावा. थोडक्यात आणि खरं.

७ तारीख

नातीने शेरे वाचले. म्हणाली, आजी, हे टायवाल्याला दिसतं. (तीही आता त्याला टायवाला म्हणते.) मी म्हटलं, दिसू दे की, त्याला नको का माहिती. तिने एकेक करून सगळे पुसले, जेवण गार झालं तरी पुसत होती.

पोरगी दमते. रोज आठ डॉक्टर भेटायला हवेत, तिला जेमतेम तीन मिळतात. बाहेर पेशंट बसलेले असतात, आधी पेशंट, मग ही. तासन् तास ताटकळते आणि डॉक्टर मागच्या दाराने निघून जातो. आणि खोटं सांगायची सोय नाही. डॉक्टरच्या दारात उभं राहून टॅबवर 'भेट झाली' असं हिरवं बटण दाबावं लागतं. घरून दाबलं तर घेत नाही. आपण कुठे आहोत ते टॅबला कळतं म्हणे. आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत मी कुठे आहे ते कधी कळलं नाही.

दुपारी साध्या डॉक्टरकडे. मान धरली होती. सोडली असावी.

१० तारीख

सुचलं.

उद्यापासून चार दिवस नातीचं ऑफिसात ट्रेनिंग आहे. दिवसभर खुर्चीत बसायचं, टॅब घरी. म्हणजे चार दिवस भेटी शून्य. आणि आधी पेशंट घेतात ना? मग मी पेशंट.

टॅब पिशवीत घालायचा, दारात बटण दाबायचं, आत जाऊन माहिती काढायची. आत जायला दुखणं लागतं. माझ्याकडे काही आहेत, कमी पडली तर जमवता येतील. कोणालाही सांगणार नाही. कायम झाल्यावर कळेल त्यांना.

११ तारीख

कानवाला, १०.४०. कानात घुर्र होतं म्हटलं. काही नाही म्हणाला. बटण दाबलं.

हाडवाला, ११.३०. उजवा गुडघा दुखतो म्हटलं आणि डावा चोळत बसले. त्याच्या लक्षात आलं नसावं. बटण.

कातडीवाली. तिने माझी कातडी चांगली आहे म्हटलं. बाई बरी आहे, माझा शेरा जरा घाईचा होता. बटण.

शेवटी साधा डॉक्टर. त्याच्या काउंटरवरची बाई केसांत पेन्सिल खोचते आणि मग सगळ्यांच्या देखत पेन्सिल शोधते. तिला सूनबाईबद्दल थोडं सांगितलं, पण ते माहिती काढण्यासाठी. बटण.

चार झाले. दमले नाही, पण घरी आले.

१२ तारीख

सात. सॉफ्टवेअर म्हणजे काही नाही, पायांत बळ लागतं. शेवटी साधा डॉक्टर.

१३ तारीख

आठ! पाच महिन्यांत नातीला एकदा जमलं नाही ते मी तिसऱ्या दिवशी केलं. शेवटी अर्थात साधा डॉक्टर, त्याच्याकडची खुर्ची ए आहे. संध्याकाळी नात आली ती तशीच आडवी झाली, टॅब उघडलासुद्धा नाही. पोटात हसू मावत नव्हतं.

उद्या सकाळी लवकर निघून दहा करते.

१४ तारीख, दुपार

साधा डॉक्टर आज आधीच उरकला, मग बाकीचे. भाजी घेऊन घरी येते तर नात दारात. बूट पायांत तसेच, पलंगाच्या कडेला बसली. तिने सांगितलं ते असं.

टायवाल्याने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडलं. त्यावर प्रत्येकाचा एकेक ठिपका असतो, कोण कुठे फिरतोय ते दाखवतो. त्याने कौतुकाने हिचंच नाव घेतलं. म्हणाला, बघा, याला म्हणतात मेहनत, तीन दिवसांत एकोणीस भेटी. तेवढ्यात कोणीतरी मागून विचारलं, पण तीन दिवस तर ती इथेच बसलीय ना? आणि सगळे बघत असताना हिचा ठिपका कानवाल्याकडून निघाला, रस्ता ओलांडून हाडवाल्याकडे गेला. ही दुसऱ्या रांगेत, हातात पेन. सगळे हसले. टायवाला नाही हसला.

त्याचं म्हणणं, हिने टॅब कोणाला तरी देऊन खोट्या भेटी दाखवल्या. अशा माणसाला काढायला महिनाअखेरीची वाट बघावी लागत नाही.

मी विचारलं, ठिपका कुठल्या रंगाचा होता. म्हणाली, हिरवा. शोभला असेल.

मग तिने विचारलं, "आजी, टॅब कुठे आहे?"

पिशवीत होता, भाजीखाली. काढून दिला. वर कोथिंबिरीची काडी चिकटली होती, ती तिने काढली आणि काडी हातात घेऊन तशीच बसून राहिली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१५ तारीख

टायवाल्याला फोन केला. माफी मागायला नाही, समजावून सांगायला. तो म्हणाला, प्रत्येकाला ऐनवेळी एक आजी असते. मागच्या वर्षी एकाची आजी तीनदा वारली. मी म्हटलं, मी जिवंत आहे, बोलतेय ना. तो म्हणाला, कागदावर काही असेल तर अठराला घेऊन या. नाहीतर तिने टॅब जमा करून जावं.

कागद आणते म्हटलं. त्यात काय, एवढ्या डॉक्टरांकडे मी जाऊन आलेय, सगळ्यांच्या लक्षात असेन.

१७ तारीख

कानवाल्याला मी आठवत नाही. अर्धा तास मी त्याला घुर्र करून दाखवलं होतं. हाडवाल्याच्या दारात त्याची बायको भेटली, तो तिला का घाबरतो ते मला कळलं. कातडीवालीला माझी कातडी आठवते, तारीख नाही.

शेवटी साधा डॉक्टर. पेन्सिलवाली म्हणाली, आमच्याकडेही कॉम्प्युटरच आहे हो आजी, आलेल्या प्रत्येकाची तारीख, वेळ, तक्रार सगळं असतं. तिने आत जाऊन डॉक्टरला विचारलं, कागद छापला, चार घड्या घातल्या आणि स्टेपलरने बंद केला. म्हणाली, साहेबांना द्या, तुम्ही नका उघडू. मी कशाला उघडेन? मी काय सांगितलं ते मला माहीत आहे.

चला, काम फत्ते.

१८ तारीख

ऑफिसात गेलो, मी आणि नात. टायवाल्याने स्टेपल नखाने काढली, कागद वाचला, मग पुन्हा वाचला. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, हरला. नातीने विचारलं, सर, काय लिहिलंय. त्याने आधी मान हलवली, मग मोठ्याने वाचलं:

"स्त्री, वय चौऱ्याहत्तर. पाच महिन्यांत सदतीस वेळा. तक्रार दर वेळी नवी. आजार नाही. दिवसभर घरात कोणी नसतं. पाच मिनिटं बसू द्यावं."

खाली सगळ्या तारखा, वेळा. अकरा, बारा, तेरा, चौदा, ठिपक्याच्या वेळेला तंतोतंत जुळल्या.

टायवाल्याने टाय सैल केला. नातीवरचा आळ गेला. पण कायम नाही केलं. टॅब उघडा घरी ठेवला म्हणून अजून तीन महिने बघणार. माझ्या सगळ्या भेटी पुसल्या. माझे ए, बी, सी पण पुसले, एकशे बेचाळीस पुन्हा पहिल्यापासून. हृदयाचा डॉक्टर परत ए मध्ये. टॅबला आता कुलूप, आकडा मला सांगायचा नाही अशी टायवाल्याची लेखी सूचना.

परत येताना नात पुढे चालत होती. जिन्यात थांबून म्हणाली, "सदतीस वेळा, आजी?"

मी म्हटलं, मोजायला चुकले असतील.

१९ तारीख, दुपारी ३

घरात कोणी नाही. नात फिरतीवर, मुलगा आणि सूनबाई ऑफिसात. बुटाचं खोकं कपाटाच्या वर ठेवलंय, माझा हात पोचत नाही तिथे.

सकाळपासून त्या कागदाचा विचार करतेय. सदतीस असतील, मी नाही म्हणत नाही. पण पाच मिनिटं? वीस मिनिटांच्या आत मी तिथून कधी उठलेली नाही. असल्या चुकीच्या नोंदी ठेवल्या तर कोणाचं काम धड होईल?

जाऊन दुरुस्त करून घ्यायला पाहिजे. आत्ता गर्दी नसते.