चौदा क्रियाविशेषणांचं पत्र

२ सप्टेंबर
हेडबाईंनी आज मला आठवीवरून काढून तिसरी 'अ'वर टाकलं. म्हणाल्या, "लहान मुलांचा पाया तुमच्यासारख्या अनुभवी माणसानेच घालायला हवा." खरं कारण मला ठाऊक आहे. पालकसभेत त्यांच्या भाषणातल्या दोन चुका मी माइकवरून दुरुस्त केल्या. भाषेची सेवा केली, त्याची ही शिक्षा. वर म्हणाल्या, अडलं तर शेजारच्या 'ब'च्या बाईंना विचारा. त्या बाईंची नोकरी दोन वर्षांची. माझी सव्वीस.
ठराव: महिनाअखेर हेडबाई दोन्ही तिसऱ्यांची क्रियाविशेषणांवर तोंडी परीक्षा घेणार आहेत. त्या दिवशी दोघींची तोंडं बघण्यासारखी होतील.

३ सप्टेंबर
व्याख्या लिहून दिली: क्रियापदाविषयी विशेष माहिती सांगणाऱ्या अविकारी शब्दाला क्रियाविशेषण अव्यय म्हणतात. चाळीस वेळा म्हणवून घेतली. उत्तम. शेवटी एकाने विचारलं, अविकारी म्हणजे आजारी नसलेला का. हा गेल्या वर्षीच्या शिक्षकांचा दोष.

५ सप्टेंबर, दुपारी
'ब'च्या बाई वर्ग घेऊन मैदानात. हळू चाला म्हटलं की मुलं हळू चालतात. मग भरभर. मग लंगडत. मग गुपचूप. कसं चाललात, असं विचारलं की सगळी एका सुरात ओरडतात, "गुपचूप."
ह्याला व्याकरण म्हणायचं असेल तर मग कवायतीच्या सरांनाच व्याकरण द्या. मी त्यांचं नाव उड्याबाई ठेवलं आहे. माझा अख्खा वर्ग खिडकीला चिकटला होता. खिडकी लावून घेतली. आता उकडतं.

९ सप्टेंबर
चाचणी. क्रियाविशेषणाचं एक उदाहरण द्या. सदतीसांपैकी एकतीस जणांनी व्याख्याच लिहिली. चौघांनी 'टेबल'. दोघांनी स्वतःचं नाव. मात्र व्याख्येत एकही अनुस्वार चुकलेला नाही, याची कोणीतरी दखल घ्यावी.
बायको म्हणाली, "अहो, तुम्हीपण न्या की मुलांना मैदानात." जेवण होईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. जेवण झाल्यावरही विशेष काही नाही.

१२ सप्टेंबर
विचारांती लक्षात आलं, माझ्या वर्गाच्या आड उड्याबाईंचा गोंगाट येतो आहे. तो मुळातून बंद केला पाहिजे. तक्रारपेटीत निनावी पत्र टाकणार. सही: 'एक जागरूक पालक'. यात सूड वगैरे नाही, शिस्तीचा प्रश्न आहे.
सूडही आहे. स्वतःच्या वहीत खोटं कशाला.

१३ सप्टेंबर
पत्र तयार. डाव्या हाताने लिहिलं, त्यामुळे पाच कागद वाया गेले. पण मजकूर झकास उतरला आहे. 'सदर बाई दररोज, सर्रास, उघडउघड, मोठमोठ्याने आणि बेजबाबदारपणे वागतात. हे सर्व त्या जाणूनबुजून, वारंवार आणि निर्लज्जपणे...' असं दीड पान. चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी उड्याबाई आणखी वाईट वाटल्या.

१६ सप्टेंबर
स्टाफ मीटिंग. हेडबाईंनी पत्राचा विषय काढला. पत्र काढून दाखवलं नाही, वाचलंही नाही. एवढंच म्हणाल्या की भाषा बरी आहे, पण 'जाणूनबुजून'मधला 'बु' दीर्घ लिहिला आहे. मी तिथल्या तिथे सांगितलं, शक्यच नाही, तिसऱ्या ओळीत ऱ्हस्वच आहे.
सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. माझ्या ज्ञानाचा दबदबा अजून आहे.
उड्याबाई मान खाली घालून बसल्या होत्या. लागलं असणार. लागू दे.

२१ सप्टेंबर
स्टाफरूममध्ये उड्याबाई स्वतःहून आल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलांना व्याख्या काय सुंदर पाठ आहे. माझ्यांना धड एक ओळ येत नाही. एक तास घ्याल का त्यांचा?" मी म्हणालो, वेळ नाही. समोर रिकामा पेला होता, तो प्यायलो. त्या "बरं" म्हणून गेल्या.
पत्राने माणूस किती नमतो. दिवसभर प्रसन्न वाटायला हवं होतं. बहुधा पित्त झालं असावं.

२९ सप्टेंबर
उद्या परीक्षा. वर्गात व्याख्येचा सराव, एकूण एकशे दहा वेळा. उदाहरणं ऐन वेळी आपोआप सुचतील. कोट इस्त्रीला दिला आहे.

३० सप्टेंबर
दोन्ही वर्ग हॉलमध्ये. हेडबाई म्हणाल्या, आज पुस्तकातली वाक्यं नकोत, शाळेला आलेलं एक पत्र घेऊ. उड्याबाईंनी माझं पत्र फळ्यावर उतरवलं. वळणदार अक्षर. हात कुठे थांबला नाही.
ह्यातली क्रियाविशेषणं शोधायची होती. माझ्या मुलांनी उभं राहून व्याख्या म्हटली आणि ती खाली बसली. मग 'ब'मधल्या एकाने जाऊन 'वारंवार'खाली रेघ मारली. माझी मुलं टक लावून बघत होती. आणि काय झालं कोण जाणे, त्यांना एकदम कळलं. खडूसाठी झोंबाझोंबी. 'सर्रास'. 'निर्लज्जपणे'. 'मुद्दाम' तर माझ्याच तिघांनी मिळून पकडलं. पाच मिनिटांत चौदाच्या चौदा. महिनाभरात माझ्या वर्गातून एक निघालं नव्हतं.
मग माझ्या वर्गातली एक मुलगी उठली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते. म्हणाली, "बाई, ह्यात कसं केलं, कधी केलं, किती वेळा केलं, सगळं आहे. पण त्या बाईंनी केलं काय, ते कुठे लिहिलंय?"
उड्याबाईंनी खडू खाली ठेवला. हेडबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या वर्गातला प्रश्न आहे, सर. तुम्हीच सांगा."
मी फळा वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. सत्तर मुलं थांबली होती.
मी म्हणालो, तास संपला.
अजून वीस मिनिटं होती.