चेअरमनच्या मापाचं घड्याळ

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार
गावच्या सेवा सोसायटीची मीटिंग. बद्रीनाथ अण्णांनी चेअरमनपदाचा राजीनामा दिला. अडीच वर्षं त्यांची, अडीच माझी, असा शब्द ठरलेला होता. राजीनामा देऊन खाली बसले आणि बूड टेकायच्या आत म्हणाले, मी परत उभा राहणार. दुष्काळ हाय, नवा माणूस गांगरून जाईल.
सगळे संचालक गप्प. मीही गप्प. पण माझं गप्प बसणं वेगळं, मी अभ्यास करत होतो. या माणसाचं लोक ऐकतात कावून? शिक्षण सातवी. मी बी.ए. (एक विषय राहिला आहे.)
कारण सापडलं. अण्णा बोलताना उजवा हात वर करतात. मनगट मुसळाएवढं, त्यावर ताटलीएवढं घड्याळ. लोक घड्याळाकडं बघतात आणि माना हलवतात.
माझ्याकडं विचार आहेत. घड्याळ नाही. एवढाच फरक.
दोन मार्चला निवडणूक. निश्चय: घड्याळ घेणे. मोठं.

६ फेब्रुवारी
बीडला गेलो होतो. दुकानदारानं माझा हात हातात घेतला, वैद्यानं नाडी बघावी तसा बघितला आणि आत जाऊन एक बारीक, नाजूक घड्याळ आणलं. विचारलं, हे काय? म्हणाला, लेडीज आहे, पण साहेब, तुमच्या हाताला खुलून दिसेल.
मी त्याला शांतपणे सांगितलं की मी होणारा चेअरमन आहे. तो उठून उभा राहिला. कोणत्या बँकेचे, म्हणाला. गावच्या सोसायटीचा म्हटल्यावर परत बसला.
काचेतलं सगळ्यात मोठं घेतलं. डायलमध्ये आणखी तीन छोटे डायल. पट्टा स्टीलचा. ढिला होत होता म्हणून त्यानं कड्या काढल्या. परत काढल्या. शेवटी म्हणाला, आता काढायला कडी राहिली नाही, राहिलंय ते घड्याळच. मी म्हणालो, राहू दे, बॉडी भरणार आहे.
शंभर मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे. आमच्याकडं सहाशे फूट बोअर मारला तरी फुफाटाच निघतो. गॅरंटीची परीक्षा होणं अवघड.

७ फेब्रुवारी
चतुराबाईला दाखवलं. ती घागरी उचलून टँकरला निघाली होती. क्षणभर थांबली. म्हणाली, बैलाच्या गळ्यातली घंटा कोकराला बांधल्यावानी दिसतंय.
बायकोला राजकारणातलं कळत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.
आतले तीन छोटे डायल फिरत नाहीत, शोभेचे आहेत. हरकत नाही. आमच्या संचालक मंडळातही निम्मे तसेच आहेत.

९ फेब्रुवारी
एक छोटी अडचण. हात खाली सोडला की घड्याळ पंजावर येतं आणि निसटायला बघतं. आज जनावरांच्या चारा छावणीवर कडब्याच्या पेंढ्या उतरवून घेताना पडलंच होतं. म्हशीनं हुंगलं आणि सोडून दिलं. तिला शंभर मीटरची गॅरंटी माहीत नसावी.
उपाय शोधला. घसरायला लागलं की हात झटकन वर करायचा. घड्याळ सरळ कोपराकडं जातं, पडत नाही. दिवसभर सराव केला. आता विचार न करता हात वर जातो.
रस्त्यानं येताना दोन जीपा उगाच थांबल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, बसायचं न्हाई तर हात कावून करतो बे. अशा लोकांना उत्तर देत नाही.

१० फेब्रुवारी
आज तर कमाल झाली. वेशीजवळ हात वर गेला आणि पाण्याचा टँकर थांबला! ड्रायव्हरला वाटलं, आज इथंच रिकामा करायचा. वरच्या आळीच्या बाया धावल्या. खालच्या आळीच्या बाया शाळेजवळ रांग लावून बसल्या होत्या, त्यांना थेंब मिळाला नाही. त्यांनी मला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात चतुराबाईही होती. आमचं घर खालच्या आळीत आहे.
पण मुद्दा बघा. एका हातावर टँकर थांबला. यालाच पॉवर म्हणतात.

१२ फेब्रुवारी
धुळाजी आला होता. मेंढरंवाला, राखीव जागेवरचा संचालक. माणूस सरळ, पण एकदा शब्द दिला की मागं फिरत नाही, त्यामुळं राजकारणात पुढं जाणार नाही.
त्याचं म्हणणं असं. सरकारी छावणीत गाय, बैल, म्हैस घेतात. मेंढरू घेत नाहीत. मेंढरानं काय उन्हाळाभर उपास धरायचा? सोसायटीनं स्वतःच्या पैशानं कडबा घेऊन ठेवलाय, त्यातला मेंढरांना द्या म्हणून तो अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, बघू. "बघू म्हंजे न्हाई," धुळाजी म्हणाला. "तुमी चेअरमन झाले तर देताल का?"
मी उजवा हात वर केला आणि म्हणालो, पहिली सही तुझ्या कडब्याची.
त्यानं घड्याळाकडं बघितलं नाही, तोंडाकडंच बघितलं. त्याला सवय नसेल.
आम्ही अकरा संचालक. धुळाजी म्हणाला, तुमचं धरून सहा मतं मी जमवतो. तुमी फक्त घरी ऱ्हावा, कुनाला भेटू नका. माझ्या संपर्काचा त्याला अंदाज नाही.

१५ फेब्रुवारी
मनगट जाड करण्याचा प्रोग्राम सुरू. सकाळी भिजवलेले शेंगदाणे, दोन अंडी, मग वजन उचलणे. वजन नव्हतं. चतुराबाई म्हणाली, वजन हाय की, टँकरपासून घरापर्यंत आणा. व्यायाम म्हणून एक हंडा उचलला. रस्त्यात मनगट मुरगळलं. हंडा सांडला. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही, म्हणजे समजूतदार आहे.

१६ फेब्रुवारी
मनगट सुजून टम्म. ठणका लई. सहज म्हणून घड्याळ घातलं.
फिट्ट बसलं!
हात खाली, हात वर, हात गोल फिरवला. जागचं हललं नाही. आरशात बघितलं. असा मी कधीच दिसलो नव्हतो. चतुराबाई हळद-तुरटीचा लेप घेऊन आली. मी लावू दिला नाही. ती म्हणाली, सूज उतरायला नको का? तिला कसं सांगणार.

१८ फेब्रुवारी
सूज कायम आहे. देवाची कृपा. त्याचा फायदा घेऊन सगळ्या संचालकांच्या दारात जाऊन आलो. धुळाजीनं भेटू नका म्हटलं होतं, पण फिट बसलेलं घड्याळ घरात ठेवून काय उपयोग? प्रत्येकाच्या खांद्यावर सुजका हात ठेवला. डोळ्यांत पाणी येत होतं. लोकांना वाटलं, दुष्काळाचं दुःख आहे. इम्प्रेशन चांगलं पडलं.

२१ फेब्रुवारी
सूज उतरली. वाईट वाटलं.
सायकलची ट्यूब कापून घड्याळाखाली गुंडाळली. घामानं पुरळ आलं. काढून टाकली. निवडणुकीच्या आदल्या दिवशी परत हंडा उचलावा का, विचार चालू आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार
अण्णा माणसं फोडायला लागलेत असं कळल्यावर धुळाजीनं आमच्या सहा जणांना जीपमध्ये घालून कपिलधारला नेलं. भाडं त्यानं दिलं. मागनं कळलं, दोन मेंढ्या विकल्या.
धबधबा नव्हता, नुसता काळा खडक होता. दर्शन झाल्यावर धुळाजीनं सगळ्यांना शपथ घ्यायला लावली. सगळ्यांनी हात वर केले. माझं घड्याळ कोपराला गेलं, ते खाली आणता आणता शपथेचे शब्द ऐकायचे राहिले. पण भावना होती.
परतताना धुळाजी माझ्याशेजारी बसला. म्हणाला, चाळीस कोकरं हायती, आयांना दूध न्हाई. दोन तारखेपतूर कशीबी जगवतो. मी त्याला धीर दिला. किती वाजले तेही सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

१ मार्च
हंडा उचलला. काही झालं नाही. ऐनवेळी शरीर साथ देत नाही.
उद्याच्या भाषणाचा सराव केला. पहिलं वाक्य: "बंधूंनो, वेळ बदलली आहे." या वेळी घड्याळाकडं बघायचं.

२ मार्च, दुपार
सोसायटीच्या ऑफिसात निवडणूक. पत्रे तापलेले, पंखा बंद, लाईट नाही. तालुक्याहून निवडणूक अधिकारी आलेले. ते म्हणाले, हात वर करून मतदान. वर गेलेला हात मोजला जाईल, एकदा लिहिल्यावर बदलता येणार नाही. पहिलं नाव बद्रीनाथ अण्णांचं.
अण्णांचे पाच हात वर गेले. बरोबर पाच. धुळाजी माझ्या डाव्या बाजूला होता, त्याचे डोळे चमकले. आपले सहा.
मला घाम फुटला होता. कपाळ पुसून हात खाली आणला आणि घामानं घड्याळ सरकन पंजावर आलं. बोटांपर्यंत आलं. खाली फरशी. नवं घड्याळ.
हात वर गेला.
मी वर नेला नाही. तो गेला.
अधिकारी म्हणाले, सहा.
अख्खं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. अण्णासुद्धा तोंड उघडं टाकून बघत होते. अधिकाऱ्यानं विचारलं, हात तुमचाच ना? चुकून गेला असेल तर आत्ता सांगा, लिहायच्या आधी.
सांगता आलं असतं. पण काय सांगणार? भर सभेत, तालुक्याच्या माणसासमोर, की माझं मनगट बारीक आहे? चेअरमन होणाऱ्या माणसानं?
मी म्हणालो, "हो, माझाच. विचारपूर्वक."
बद्रीनाथ अण्णा सहा, राधाकिशन, म्हणजे मी, पाच. फटाके त्यांनी आणलेलेच होते.

३ मार्च
गावात एकच चर्चा. राधाकिशनरावानं पैसे घेतले.
आधी राग आला. नंतर पारावरून जाताना लक्षात आलं, लोक बोलायचे थांबून माझ्याकडं बघत होते. आजवर असं कुणी बघितलं नव्हतं. एकानं तर उठून जागा दिली. मागं कुणीतरी म्हणालं, गडी लई आतल्या गाठीचा निघाला.
आतल्या गाठीचा! पंधरा वर्षं राजकारणात आहे, हा शब्द पहिल्यांदा मिळाला.

५ मार्च
अण्णांनी चहाला बोलावलं. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मी तर तुमाला काईच दिलं न्हाई. मग कुनी दिलं?" मी नुसता चहा प्यायलो. ते घाबरल्यासारखे वाटले. निघताना छावणीच्या कमिटीत घेतो म्हणाले. कडब्याचा विषय काढायचा होता, पण अशा मूडमध्ये कडबा कुठं काढायचा. पुढच्या मीटिंगला बघू.

७ मार्च
धुळाजीच्या मेंढवाड्यावर कोकरं मरायला लागलीत म्हणे. चतुराबाई दोन वेळा जाऊन आली. मला म्हणाली, तुमी पन जावा. जाणार आहे. सध्या लोकांचं माझ्याकडं लक्ष आहे, लगेच गेलो तर वेगळा अर्थ निघेल.

१० मार्च, रविवार
सकाळी धुळाजी आला. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, राहिलेली मेंढरं घेऊन गोदेच्या काठानं खाली निघालोय, पाऊस पडला तर येईन. म्हणाला, जायच्या आधी एकच इचारतो.
"पैसं घेतलं का?"
मी विचार केला. दोन उत्तरं होती. एकात माझं मनगट होतं. दुसऱ्यात मी आतल्या गाठीचा होतो. आणि समोर कोण, तर धुळाजी, गाव सोडून निघालेला माणूस. त्याला सांगितलं काय, न सांगितलं काय.
मी थोडं हसलो. पुढारी हसतात तसं. म्हणालो, धुळाजी, राजकारणात काही गोष्टी बोलायच्या नसतात.

"मी तुमच्या शेजारीच व्हतो," तो म्हणाला. "घड्याळ घसरलं ते मी डोळ्यानं बगितलं. आठ दिस झाले गावासंग भांडतोय, की माणूस इकला न्हाई, नुस्तं घड्याळ घसरलं. माज्या सख्ख्या भावासंग पारावर मारामारी झाली." मग खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "बरं झालं सांगितलं. आता भांडायचं कारन न्हाई."
गेला. हाक मारणार होतो, पण हाक मारून काय सांगणार होतो ते ठरलं नाही.
चतुराबाई दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, खरंच घेतलं असतं तर दाराम्होरं पान्याची एक टाकी तरी आली असती. ते बी न्हाई.
मी तिला म्हणालो, हळू बोल. कुणी ऐकेल.