चिखल्याची विरहिणी

उदयपूर

छकुलीच्या बाबांना दीपमालाचा सप्रेम जयभीम.

मी मजेत आहो. पोळ्या जाड भेटतात, पण पोट भरते. छकुली रडते काय? खाणीत जपून उतरत जा.

इथं जुन्या चित्रांच्या नकला काढून राहिली. दारात विरहिणी, नवरा परगावी, वर ढगात बगळे. बगळे रंगवता रंगवता मी कधी आपल्या गल्लीत पोचते, समजतच नाही. गुरुजी म्हणतात, विरहिणीचे डोळे रस्त्याकडेच पाहिजेत.

आपल्या घरी तर उलटंच झालं नं? म्हणून या कार्डावर तुम्हालेच काढलं. चिखल्यातल्या आपल्या घराचं दार, मांडीवर खाणीतलं हेल्मेट. मिशी जमली काय?

डोळे मात्र कोरेच ठेवले. रस्त्याकडे काढले असते, तर मी काम सोडून निघून आली असती.

तुमचीच,
दीपमाला